बालमनाचे अभ्यासक लेव्ह व्हिगोट्स्की

बेलारूस देशात सोझ नदीच्या काठी गोमेल नावाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा सारा प्रदेश रशियाच्या झारच्या साम्राज्यात मोडत असे. या शहरात लेव्ह व्हिगोट्स्की यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८९६ रोजी ओर्शा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते दुसरे. वडील बँकेत अधिकारी होते आणि घरात वाचनाची आवड सर्वांनाच होती. सोलोमन अश्पिझ नावाचे शिक्षक लेव्हला घरी शिकवीत. उत्तर सांगून मोकळे व्हावे, ही त्यांची रीत नव्हती. प्रश्नामागून प्रश्न विचारून ते विद्यार्थ्यालाच उत्तरापर्यंत घेऊन जात. पुढे लेव्हने शिक्षणाविषयी जे विचार मांडले, त्यांचे बीज कदाचित याच शिकवण्यात असेल.

१९१३ साली लेव्ह शाळेतून सुवर्णपदक मिळवून बाहेर पडला. परंतु मॉस्को विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांसाठी शंभरात तीनच जागा असत आणि त्या वर्षापासून त्याही चिठ्ठ्या टाकून भरल्या जाऊ लागल्या. एवढ्या हुशार मुलाचे भवितव्य एका चिठ्ठीवर येऊन ठेपले! सुदैवाने चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली. आईवडिलांच्या इच्छेसाठी त्याने वैद्यकाला नाव घातले. पण लवकरच तो कायद्याकडे वळला. त्याचबरोबर शान्याव्स्की लोकविद्यापीठात त्याने इतिहास व तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास केला.

१९१७ मध्ये शिक्षण संपवून व्हिगोट्स्की गोमेलला परतले आणि शिक्षक झाले. ते शाळांत साहित्य शिकवीत व अध्यापन विद्यालयात मानसशास्त्र शिकवीत. तेथेच त्यांनी मानसशास्त्राची एक लहानशी प्रयोगशाळा उभारली. घरात मात्र आजाराने ठाण मांडले होते. धाकट्या भावाला क्षयाची बाधा झाली. त्याच्या शुश्रूषेत असताना लेव्ह यांनाही तोच रोग जडला. त्या काळी क्षयावर हमखास गुण देणारे औषध नव्हते. आपल्या हाती फार वर्षे नाहीत, हे चोविशीतल्या त्या तरुणाला उमगले.

त्या वेळी रशियात इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांचा मोठा बोलबाला होता. कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे पाव्हलोव्ह यांनी दाखवून दिले होते. माणसाचे सारे शिकणेही असेच, म्हणजे बाहेरची खूण व तिला लागलेली सवय एवढेच असावे, असे अनेक विद्वानांना वाटू लागले. मग शिक्षकाचे काम तरी काय उरते? शाबासकी व शिक्षा यांच्या बळावर चांगल्या सवयी लावणे, एवढेच.

व्हिगोट्स्की सवयीचे मोल जाणत होते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या शैक्षणिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्यांनी पाव्हलोव्ह यांच्या शोधांचा भरपूर उपयोग केला आहे. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड येथे भरलेल्या परिषदेत हा सत्तावीस वर्षांचा अपरिचित शिक्षक बोलावयास उभा राहिला. हाती लिखाण नव्हते, टिपणही नव्हते. माणसाच्या जाणिवेचा विचार टाळून मानसशास्त्र पुरे होणार नाही, असे त्यांनी तेथे ठामपणे मांडले. श्रोत्यांत अलेक्सान्द्र लुरिया हे तरुण शास्त्रज्ञ होते. ते भाषणाने भारावून गेले. थोड्याच दिवसांत व्हिगोट्स्कींना मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेतून बोलावणे आले. नवविवाहित दांपत्याने त्या संस्थेच्या तळघरात बिऱ्हाड थाटले.

त्यांचे म्हणणे एका साध्या उदाहरणाने कळेल. काही विसरू नये म्हणून आई पदराला गाठ मारते. ही खूण तिच्यावर कोणी लादलेली नसते. ती तिने स्वतःच स्वतःसाठी केलेली असते. कुत्र्याला हे साधत नाही. अशा खुणा निर्माण करून माणूस आपल्या मनाला वळण लावतो, आणि या सर्व खुणांत श्रेष्ठ खूण म्हणजे भाषा होय, असे व्हिगोट्स्की मानीत.

ज्या वर्षी व्हिगोट्स्की जन्मले, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये झाँ पियाजे जन्मले. मुलांची बुद्धी टप्प्याटप्प्याने पक्व होत जाते, असा त्यांचा सिद्धांत. लहान मुले खेळताना स्वतःशीच बडबडतात. ती बडबड वयाबरोबर विरून जाते, असे पियाजे यांचे मत होते. व्हिगोट्स्कींनी हे पडताळून पाहिले. मूल चित्र काढीत असता त्याला हवी असलेली रंगीत पेन्सिल मुद्दाम ठेवलीच नाही. अडचण येताच मुलांची बडबड जवळजवळ दुपटीने वाढली! मूल बोलून विचार करीत होते. ही बडबड विरत नाही, ती आत जाते आणि मूक विचार बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शाळेच्या दृष्टीने मात्र त्यांचा सर्वांत मोलाचा विचार वेगळाच आहे. दोन मुले आहेत. दोघेही आठ वर्षांच्या मुलाला येतील एवढीच कोडी एकट्याने सोडवितात. चाचणीचा कागद पाहणारा दोघांना सारखेच गुण देईल. आता शिक्षकाने थोडे साहाय्य केले, पहिली पायरी दाखविली, एखादा सूचक प्रश्न विचारला. तेव्हा एक मुलगा नऊ वर्षांच्या मुलाची कोडी सोडवू लागला आणि दुसरा थेट बारा वर्षांच्या मुलाची! मग दोघे सारखे कसे? एकट्याने जमते ते आणि साहाय्याने जमते ते, यांमधील अंतराला व्हिगोट्स्कींनी निकट विकासाचे क्षेत्र असे नाव दिले. आज मुलाला हात धरून जे जमते, ते उद्या एकट्याला जमेल. तेव्हा मूल तयार होईपर्यंत वाट पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते आणि जे येते तेच घोकून घेणेही मान्य नव्हते. फळ्यासमोर वजाबाकीत अडलेल्या मुलाला हातच्याची नुसती आठवण करून दिली आणि तो पुढे गेला, असे वर्गात नित्य घडते. त्या नित्याच्या घटनेला त्यांनी शास्त्राचा मान दिला.

अंध, बहिरी व मतिमंद ठरविलेली मुले त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची होती. डोळ्यांनी वाचता येत नसेल तर बोटांनी वाचावे. ज्ञान तेच, वाट तेवढी निराळी, असे ते सांगत. १९२५ साली मूकबधिरांच्या शिक्षणासंबंधीच्या परिषदेसाठी ते लंडनला गेले. परतल्यावर क्षयाने पुन्हा उचल खाल्ली व अनेक महिने त्यांना रुग्णालयात काढावे लागले. पुढे प्रत्येक वर्ष त्यांनी आजाराकडून हिसकावून घेतल्यासारखे कामात घालविले. विचार व वाणी यांवरील ग्रंथाचे शेवटचे प्रकरण तर त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतले. तो ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ११ जून १९३४ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्याच वर्षी निघाला.

दोन वर्षांनी त्यावर गंडांतर आले. चाचण्यांच्या आधारे मुलांवर मंदबुद्धीचा शिक्का मारला जातो, म्हणून सोव्हिएट सत्तेने १९३६ च्या जुलैत बालअध्ययनाच्या त्या शास्त्रावरच बंदी घातली. नुसत्या चाचणीवर विसंबू नये म्हणून झटलेल्या व्हिगोट्स्कींची पुस्तकेही त्याच लाटेत दूर सारली गेली. केवढा हा दैवदुर्विलास! ती पुन्हा छापली जाण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

१९६२ साली त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. तेव्हा पियाजे पासष्टी ओलांडून गेले होते. आपल्या मतांवर व्हिगोट्स्कींनी घेतलेले आक्षेप त्यांनी वाचले आणि त्यांना छापील उत्तर लिहिले. काही मुद्द्यांवर त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. मुलांच्या स्वतःशी बोलण्याविषयी मात्र व्हिगोट्स्कींचे बरेचसे म्हणणे त्यांनी मान्य केले. आपल्याच वयाच्या या विद्वानाची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही व त्याचे विचार इतक्या उशिरा हाती पडले, याची खंतही त्यांनी त्या लेखात नमूद केली आहे.