सभागृहातले बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, महाडचं चवदार तळं आठवतं, चैत्यभूमी आठवते. मला मात्र त्यांचं आणखी एक रूप फार जवळचं वाटतं. मुंबईच्या कायदेमंडळात उभं राहून शाळा, शेती आणि कुळांसाठी आकडे मांडणारे सभासद बाबासाहेब!

जवळचं वाटायला कारणही तसंच आहे. मी खटाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमचा कांदा वाशीच्या एपीएमसी मार्केटला येतो, आणि माझे मामा तिथेच कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. रविवारी मेसला सुट्टी असली की मी त्यांच्याकडे जातो. मामा गोण्या उतरवत असतात, मी बाजूला बसून वाचत असतो. बाबासाहेबांची विधिमंडळातली भाषणं मी तिथेच वाचली. आणि वाचता वाचता घरचा एक प्रश्न सारखा डोक्यात येत राहिला. आजोबांची आठ एकर जमीन चार मुलांत वाटली, वडिलांच्या वाट्याला दोन एकर आली. आता आम्ही दोघे भाऊ. पुढे काय?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. पण त्यांचं बालपण आमच्या साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं. वर्गात इतर मुलांपासून वेगळं बसायचं, आणि बसायला गोणपाटही स्वतःचंच न्यायचं. बाजारात गोणपाटांचे ढीग बघताना हे आठवलं की कसंतरीच होतं.

त्यांचे वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात एका तलावाच्या कामावर खजिनदार होते. दुष्काळी लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने ते काम काढलं होतं. १९०१ साली ही भावंडं वडिलांना भेटायला रेल्वेने मसूरला उतरली. जात कळल्यावर गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन तो पायी चालला आणि बैलगाडी पोरांनीच हाकली! रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ डबा होता, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं उपाशीच झोपली. आज त्याच भागातून आमच्या कांद्याचा ट्रक रात्री निघतो आणि पहाटे वाशीला पोचतो. ड्रायव्हरला कुणी जात विचारत नाही.

पुढचं शिक्षण आपल्याला माहीत आहे. एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन. विषय अर्थशास्त्र. १९१८ सालीच त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले आणि हा अभ्यास सभागृहात उपयोगी पडला.

१२ मार्च १९२७. शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. याच वेगाने गेलो तर सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं लागतील, आणि मुलींना ३०० वर्षं! सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हा हिशोबही त्यांनी मांडला. यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या तळ्यावर होते. एकाच महिन्यात आकडेही आणि सत्याग्रहही.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला लहान शेतकऱ्यांच्या विधेयकावर ते बोलले. जमिनीचे तुकडे थांबवायचे आणि एकत्र करायचे, असा सरकारचा विचार होता. ऐकायला बरं वाटतं ना? पण बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि घातलेलं भांडवल यांच्याशी त्याचा मेळ बसतो का, यावर ठरतं. तुकडे जबरदस्तीने जोडले तर ज्यांच्या हातून जमीन जाईल ते भूमिहीन मजूर होतील. त्यापेक्षा मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून सहकाराने एकत्र कसा, हा त्यांचा पर्याय. आणि शेतीवरचे जादा हात कमी व्हायला उद्योगधंदे वाढले पाहिजेत, हे तर ते १९१८ पासून सांगत होते.

१९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले. १७ सप्टेंबरला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात खोत कुळांकडून वसुली करायचा, सरकारचा सारा भरायचा आणि उरलेलं स्वतःकडे ठेवायचा. उरण, पनवेलचा जुना कुलाबा जिल्हा हा त्यातलाच मुलूख. खोताला वाजवी भरपाई द्या, पण कसणाऱ्याला जमिनीचा हक्क द्या, असं ते विधेयक होतं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. तरी विधेयक मंजूर झालं नाही.

हरले? तेव्हा हरले. पण १९४९ मध्ये मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा झालाच. शिक्षणाचंही तसंच. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सक्तीचं शिक्षण फक्त प्राथमिकपुरतं ठेवावं अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही असं ठरलंय, तर त्या वयापर्यंत ते शाळेतच असलं पाहिजे, हा त्यांचा साधा मुद्दा. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. आणि संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, विहिरी, तलाव यांच्याबरोबर रस्तेही आहेत. मसूरहून निघालेली ती बैलगाडी मला त्या एका शब्दात दिसते.

आपल्या सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी आणखी एक. १९४२ ते ४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी तेव्हाचीच. शेताला पाणी आणि कारखान्याला वीज एकाच धरणातून. म्हणजे १९१८ च्या निबंधातला उद्योगधंद्यांचा मुद्दा इथे काँक्रीटमध्ये उतरत होता.

६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ही विधिमंडळातली भाषणं आहेत. जड पुस्तक आहे, पण एकदा हातात घ्याच.

येत्या दिवाळीत आमच्या घरी वाटणीचा विषय निघणार आहे. मी भावाला म्हणणार आहे, एकर नंतर मोजू. आधी विहिरीला पाणी किती, राबणारे हात किती, ठिबकला पैसा किती आणि मार्केटच्या पट्टीत हातात काय पडतं, ते कागदावर मांडू. दोन एकरांचे दोन तुकडे करायचे की बांध न घालता एकत्र कसायचं, हे त्या कागदावरून ठरवू.