फ्रिड्योफ नान्सेन

फ्रिड्योफ नान्सेन याचा जन्म इ. स. १८६१ मध्ये नॉर्वे देशात, आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. पायांस लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्यात तो बालपणापासून तरबेज होता. १८८८ साली त्याने ग्रीनलंडचे हिमपठार असेच पार केले.

सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बर्फात चिरडून बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागले. ध्रुवाकडील बर्फ प्रवाहाबरोबर वाहत असले पाहिजे, असे यावरून नान्सेनने ताडले. त्याने गोलाकार बांध्याचे ‘फ्राम’ हे जहाज बांधवून घेतले आणि १८९३ मध्ये आपण होऊन बर्फात अडकवले. पुष्कळांना हे वेडेपण वाटले. पण बर्फाने चेपताच जहाज फुटण्याऐवजी वर उचलले गेले व तीन वर्षे वाहत राहिले.

ध्रुवसमुद्र उथळ असावा, अशी तोवर समजूत होती. नान्सेनची दोरी मात्र तळाला पोहोचेना. शेवटी जहाजावरील पोलादी दोर उसवून त्याच्या तारांची नवी दोरी वळावी लागली. खोली ३,००० मीटरांहून अधिक भरली! चाकूरसारख्या गावी वैशाखात आडात पोहरा सोडला, तर खोलातले पाणी गार लागते. येथे उलटच प्रकार होता. वरचे पाणी गोठण्याच्या बेतात, तर सुमारे २०० मीटरांखाली ते शून्य अंशाहून किंचित उबदार! हे अटलांटिक महासागराचे पाणी होते. ते अधिक खारट, म्हणून जड. त्यामुळे वरच्या गोडसर थंड पाण्याखाली शिरले होते. त्याखाली पुन्हा थंड पाणी होते.

१८९५ मध्ये एका सोबत्यासह तो बर्फावरून ८६ अंश १४ कलांपर्यंत उत्तरेस गेला. ती हकीकत जगभर गाजली. तळच्या पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. ते आले कोठून? फ्रामवरील नोंदींत त्याचा खारटपणा फार अधिक दिसे. एवढ्या कष्टांनी मिळविलेले ते आकडेच सदोष आहेत, असे पुढे नान्सेनने स्वतः ठरविले. त्याने खोलवर उलटून पाणी कोंडून घेणारी धातूची बाटली तयार केली. ग्रीनलंडजवळच्या समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी थंडीने जड होऊन बुडते आणि तेथून ध्रुवखोऱ्यात जाते, असे त्याचे मत झाले. दोन्ही तळपाण्यांच्या तापमानातील फरकावरून मध्ये उंबरठ्यासारखी डोंगररांग असावी, असेही त्याने अनुमान केले.

निर्वासितांच्या सेवेबद्दल १९२२ साली त्यास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० साली तो मरण पावला. त्याने कल्पिलेला उंबरठा पुढील मोजणीत आढळला नाही. ग्रीनलंड व स्पिट्सबर्गेन यांमधील त्या खोल सामुद्रधुनीतून दोन्हीकडील पाणी येते-जाते व मिसळते. तिचे नाव आज फ्राम सामुद्रधुनी असे आहे.