विश्लेषण : साडेतीन हजार डॉलरचा ड्रॅक्युला! बेला लुगोसीच्या चेहऱ्याचे पैसे कोणाला मिळाले?

वीकेंडला घरी बसून जुने, कमी खर्चातले भयपट पाहायचे ठरवले, तर दोन-तीन चित्रपटांनंतर एक चेहरा पुन्हा पुन्हा समोर येतो. मागे चोपून बसवलेले केस, काळा झगा, रोखलेली नजर आणि थांबत थांबत केलेले जड इंग्रजी उच्चार. हा बेला लुगोसी. कार्टूनमधल्या ड्रॅक्युलापासून हॅलोविनच्या मुखवट्यापर्यंत ड्रॅक्युला म्हणून आपण जे ओळखतो, ते बरेचसे त्याचेच. ज्या चित्रपटाने हा चेहरा जगभर पोहोचवला, त्याचे त्याला मिळाले एकूण ३,५०० डॉलर. पुढे काय झाले, ते त्याच्या कोणत्याही भयपटापेक्षा जास्त अस्वस्थ करणारे आहे.

कोण होता बेला लुगोसी?

मूळ नाव बेला ब्लास्को. जन्म २० ऑक्टोबर १८८२, हंगेरीच्या राज्यातील लुगोस गावी. हे गाव आज रोमानियात आहे. गावावरूनच त्याने लुगोसी हे नाव घेतले. शाळा लवकर सुटली, गावोगावच्या नाटक मंडळ्यांत कामे केली आणि १९१३ मध्ये तो बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात पोहोचला. पहिल्या महायुद्धात पायदळात लढला, जखमी झाला.

इथे एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९१९ मध्ये हंगेरीत काही महिने कम्युनिस्ट सरकार होते. त्या काळात लुगोसीने नटांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. नटांना रास्त मोबदला मिळावा, हा त्याचा आग्रह होता. सरकार कोसळल्यावर त्याला देश सोडावा लागला. व्हिएन्ना, मग बर्लिन आणि १९२० च्या अखेरीस मालवाहू जहाजावर काम करत अमेरिका. तेव्हा त्याला इंग्रजी जवळपास येत नव्हते. सुरुवातीच्या इंग्रजी नाटकातले संवाद त्याने अर्थ कळण्याआधी उच्चार पाठ करून म्हटले.

ड्रॅक्युला त्याला कसा मिळाला?

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ नाटक आले आणि त्याचे २६१ प्रयोग झाले. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपट करायचे ठरवले, तेव्हा मात्र लुगोसीचे नाव यादीत वर नव्हते. मूकपटांचा मोठा नट लॉन चेनी ऑगस्ट १९३० मध्ये वारला. स्टुडिओ इतरांचा विचार करत होता आणि लुगोसी भूमिकेसाठी धडपडत होता. ज्याला गरज जास्त, त्याच्याशी घासाघीस सोपी. ठरले आठवड्याला ५०० डॉलर, काम सात आठवडे. मायदेशात नटांच्या पगारासाठी उभा राहिलेला माणूस स्वतःच्या पगारासाठी मात्र उभा राहू शकला नाही.

फेब्रुवारी १९३१ मध्ये चित्रपट लागला आणि तुफान चालला. लगेच ‘फ्रँकेन्स्टाइन’ ठरला. राक्षसाच्या भूमिकेसाठी लुगोसीची चाचणीही झाली होती, पण चेहरा मेकअपखाली झाकणारे, संवाद नसलेले काम त्याला रुचले नाही. दिग्दर्शक बदलला आणि भूमिका बोरिस कारलॉफकडे गेली. (कारलॉफच्या आजीची बहीण म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवणारी अॅना लिओनोवेन्स. तिचा जन्म आपल्या अहमदनगरचा!) पुढे दोघे बरोबर काम करत राहिले, पण पोस्टरवर कारलॉफचे नाव वर आणि लुगोसीचे खाली.

घसरण कुठे सुरू झाली?

१९३२ चा ‘व्हाइट झॉम्बी’ हा पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट मानला जातो. चित्रीकरण ११ दिवसांत, बरेचसे रात्री, युनिव्हर्सलच्या आवारातले जुने सेट भाड्याने घेऊन. पैसा दिसत नाही, पण लुगोसीच्या डोळ्यांवर चित्रपट तरतो. त्याच वर्षी त्याने दिवाळखोरी जाहीर केली. हात सढळ होता, हिशेबाची सवय नव्हती आणि समोर येईल ते काम तो घेत गेला.

१९३६ नंतर हॉलिवूडने भयपट जवळपास थांबवले. ब्रिटनमधली सेन्सॉरशिप कडक झाली होती आणि तिथली कमाई गमावणे स्टुडिओंना परवडणारे नव्हते. लुगोसीचे घर गेले. १९३८ मध्ये मुलगा झाला, तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी नटांच्या मदतनिधीकडे हात पसरावा लागला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या रेजिना या छोट्या थिएटरने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकत्र लावले आणि बाहेर रांगा लागल्या. युनिव्हर्सलने हे चित्रपट देशभर पुन्हा लावले. या पुनर्प्रदर्शनातून लुगोसीच्या खिशात काही पडले नाही. ठरावीक पगार घेऊन तो मोकळा झाला होता. कामे मात्र पुन्हा मिळू लागली.

ती कामे बहुतेक हॉलिवूडच्या गरीब गल्लीतली. म्हणजे मोनोग्राम, पीआरसी अशा छोट्या कंपन्यांची. १९४० चा ‘द डेव्हिल बॅट’ घ्या. लुगोसी यात सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा शास्त्रज्ञ आहे. त्याने आपले सूत्र एकरकमी पैसे घेऊन कंपनीला दिले, मालक त्यावर गब्बर झाले. सूड म्हणून तो विजेच्या प्रयोगांनी महाकाय वटवाघळे तयार करतो आणि ती विशिष्ट आफ्टरशेव्ह लावलेल्या माणसावर तुटून पडतात. विजेचे ते सगळे प्रकरण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची व्हायवासुद्धा पास होणार नाही. वटवाघूळ दोरीवर लटकलेले स्पष्ट दिसते. मी पहिली वीस मिनिटे हसत होतो. मग ३,५०० डॉलर आठवले आणि फसवला गेलेला शास्त्रज्ञ वेगळाच दिसू लागला. लुगोसी एकही दृश्य उरकत नाही. शेजारच्यांनी पाट्या टाकल्या आहेत, हा मात्र राष्ट्रीय नाट्यगृहात उभा असल्यासारखा.

शेवटची वर्षे कशी गेली?

पायांतल्या सायटिकाच्या वेदनांसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन झाले. एप्रिल १९५५ मध्ये, ७२ व्या वर्षी, तो स्वतः रुग्णालयात गेला आणि उपचार मागितले. बातमी वृत्तपत्रांत आली. नॉरवॉकच्या सरकारी रुग्णालयात तीन महिन्यांहून अधिक काळ राहून तो ऑगस्टमध्ये बाहेर पडला.

या काळात त्याला काम देत होता एड वुड. पैसा नाही, वेळ नाही, पण उत्साह भरपूर असा हा दिग्दर्शक. वुडने त्याला वापरले की सांभाळले, यावर चाहते आजही भांडतात. माझ्या मते दोन्ही. पण इतर कोणी फारसे विचारत नव्हते, हेही खरेच.

१६ ऑगस्ट १९५६ रोजी हृदयविकाराने लुगोसी गेला. मुलगा आणि आधीच्या पत्नीच्या निर्णयाने त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यासह दफन करण्यात आले.

मग न्यायालयात काय झाले?

१९६० पासून युनिव्हर्सल ड्रॅक्युलाचा लुगोसीरूपी चेहरा मुखवटे, शर्ट, खेळ, पतंग अशा वस्तूंसाठी इतर कंपन्यांना परवान्याने देत होती. वारसांनी दावा केला. खालच्या न्यायालयात ते जिंकले, अपिलात हरले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चेहऱ्यावरचा व्यावसायिक हक्क व्यक्तीबरोबरच संपतो. यावर नाराजी उमटली आणि १९८५ पासून तिथे मृत कलाकारांच्या वारसांना हा हक्क देणारा कायदा लागू झाला. २०२४ मध्ये त्यात एआयने बनवलेल्या प्रतिकृतीही आल्या. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा हक्क त्याच्या मृत्यूबरोबर संपल्याचे म्हटले होते.

वीकेंडला काय पाहाल?

‘व्हाइट झॉम्बी’ आणि ‘द डेव्हिल बॅट’ अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत, ऑनलाइन मोफत मिळतात आणि दोन्ही सव्वा तासाच्या आत संपतात. शेवटी वुडचा ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ लावा. लुगोसी वारला तेव्हा वुडकडे त्याचे काही मिनिटांचेच चित्रण होते. उरलेल्या दृश्यांत वुडने आपल्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला उभे केले. तो लुगोसीसारखा दिसत नव्हता, म्हणून तो झगा तोंडावर धरून फिरतो. त्याच्यावर हसायला हरकत नाही. पण सुरुवातीला पत्नीला पुरून आलेला एक म्हातारा घरातून बाहेर येतो, एक फूल तोडून हुंगतो आणि फ्रेमबाहेर निघून जातो. तो खरा लुगोसी.