कर्ण : मैत्रीचं कर्ज

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा आणि विचारा, महाभारतातला तुझा आवडता हिरो कोण? अर्जुन, भीम, फार तर कृष्ण अशी नावं येतील. पण सगळ्यात जास्त वेळा जे नाव ऐकू येईल ते कर्णाचं! कारणही ठरलेलं आहे. तो गुणी होता, पण त्याच्यावर अन्याय झाला. आता असं बघा, आपल्यातल्या प्रत्येकाचे एखाद्या पेपरात दोन मार्क गेलेले असतात, कुणाची हवी ती ब्रँच हुकलेली असते. त्यामुळे अन्याय झालेला माणूस आपल्याला लगेच जवळचा वाटतो.

आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची तर मराठी कादंबरीशी पहिली ओळखच बऱ्याचदा 'मृत्युंजय'मुळे होते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली, तेव्हा लेखक स्वतः तिशीच्या आतला होता. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा माणसं आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. पुस्तक इतकं जाडजूड, की रूममधला एकजण संपवेपर्यंत दुसरा रांगेत उभा! त्यानंतर रणजित देसाईंची 'राधेय' वाचली जाते. दोन्ही वाचून झाल्या की कर्णाबद्दल आपलं मत पक्कं होतं. पण मूळ महाभारतातला कर्ण याहून थोडा वेगळा आहे. तो जास्त अवघड आहे, आणि मला वाटतं, आपल्याला जास्त उपयोगाचाही आहे. म्हणून त्याचं आयुष्य पुन्हा एकदा, सुरुवातीपासून.

कुंती लग्नाआधी वडिलांच्या घरी असताना दुर्वास ऋषींनी तिला एक मंत्र दिला. कुतूहलापोटी तिने तो म्हणून पाहिला, सूर्य प्रकट झाला आणि तिला मुलगा झाला. अंगावर जन्मतःच कवच, कानात कुंडलं. लोक काय म्हणतील या भीतीने त्या पोरसवदा आईने बाळाला पेटीत ठेवून अश्वनदीत सोडलं. ती पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, मग यमुनेत आणि शेवटी गंगेत वाहत चंपानगरीपाशी पोचली. तिथे अधिरथ नावाच्या सूताला आणि त्याची बायको राधा हिला ती सापडली. त्यांनी मुलाचं नाव ठेवलं वसुषेण. राधेचा म्हणून तो राधेय. सूत म्हणजे रथ हाकणारे, राजांच्या गोष्टी सांगणारे लोक. राजवाड्याच्या जवळ राहणारे, पण राजांच्या पंगतीत न बसणारे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. द्रोणाचार्यांनी कर्णाला शिकवायलाच नकार दिला असं आपल्याला वाटतं. मूळ ग्रंथात तो द्रोणांच्या शिष्यांमध्ये आहे. नकार मिळाला तो ब्रह्मास्त्राला. मग तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि ब्राह्मण आहे असं खोटं सांगून शिकला. एक दिवस गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असताना एका किड्याने त्याची मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. एवढं सोसणारा ब्राह्मण नव्हे हे परशुरामांनी ओळखलं आणि ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही असा शाप दिला. म्हणजे बघा, तो पकडला गेला तो त्याच्यातल्या सर्वात चांगल्या गुणामुळे.

यानंतर हस्तिनापुरात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचं प्रदर्शन झालं. अर्जुनाने करून दाखवलं ते सगळं कर्णाने आखाड्यात उतरून करून दाखवलं आणि त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. तेव्हा कृपाचार्यांनी त्याला कूळ विचारलं. खेळ कसा आहे हे कुणी विचारलं नाही, घराणं कोणतं ते विचारलं! कर्णाची मान खाली गेली. त्याच क्षणी दुर्योधन पुढे आला आणि त्याने कर्णाला अंगदेशाचं राज्य देऊन तिथल्या तिथे अभिषेक केला. बदल्यात काय हवं, तर फक्त कायमची मैत्री. एवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत आखाड्यात आला. नवा राजा उठला आणि अभिषेकाने ओलं झालेलं डोकं त्याने सूत बापाच्या पायांवर ठेवलं. भीमाने ते पाहून त्याला धनुष्य टाकून चाबूक धरायला सांगितलं. मला विचाराल तर महाभारतातला हा सगळ्यात सुंदर प्रसंगांपैकी एक आहे. आख्ख्या स्टेडियमसमोर आपल्या साध्या बापाला ओळख द्यायला छाती लागते.

याच दिवशी कर्णावर एक कर्ज चढलं. सगळी सभा हसत होती तेव्हा एकटा दुर्योधन त्याच्या बाजूने उभा राहिला होता. ते कर्ज फेडण्यातच त्याचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. आणि त्या फेडीचा एक हप्ता त्याने भयंकर भरला.

द्यूतात युधिष्ठिर सगळं हरला, शेवटी द्रौपदीही. तिला केसांना धरून सभेत ओढून आणलं. आधीच दास झालेल्या माणसाला मला पैजेवर लावता येतं का, असा तिचा साधा कायदेशीर मुद्दा होता. भीष्मांना उत्तर देता आलं नाही. द्रोण, विदुर, धृतराष्ट्र यांच्यासमोर हे चाललं होतं. तेव्हा एक तरुण उठला. तो पांडवांचा कुणी नव्हता, दुर्योधनाचाच सख्खा धाकटा भाऊ, विकर्ण. हे चुकीचं आहे, असं त्याने भर सभेत सांगितलं. त्याला गप्प कुणी केलं? कर्णाने. तू अजून पोर आहेस, तुला काय कळतं, अशा अर्थाचं बोलून. पुढे जाऊन पाच नवऱ्यांची बायको म्हणून त्याने द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरला आणि पांडवांची व तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगितलं. वस्त्रहरणाचं पाप आपण दुःशासनाच्या नावावर मांडतो, पण ते सुचवणारा कर्ण होता.

यावर कर्णाचे चाहते लगेच सांगतात, की द्रौपदीने स्वयंवरात सूताशी लग्न करणार नाही असं म्हणून त्याचा अपमान केला होता, त्याचा तो राग होता. हा प्रसंग टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. देशभरातली १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि जुना पाठ कोणता, मागाहून घातलेला कोणता हे वेगळं केलं. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीचा तो नकार नाही! तो नंतरची भर म्हणून तळटीपेत गेला आहे. म्हणजे कर्णाला माफ करण्यासाठी आपण जे कारण देतो, ते बहुधा नंतरच्या लोकांनाही त्याचं वागणं खटकलं म्हणून शोधलेलं असावं.

मग खरं कारण काय? ते कर्णानेच सांगितलं आहे. युद्धाआधी कृष्ण त्याला रथात घेऊन एकांतात गेला आणि तू कुंतीचा मुलगा, पांडवांचा थोरला भाऊ, राज्य तुझंच आहे, असं सांगितलं. ऑफर मोठी होती. कर्णाने ती नाकारली. राधेने आपल्याला दूध पाजलं, अधिरथाने मुलगा मानलं, आपली बायका-मुलं सूतांच्या घरातली आहेत, आणि दुर्योधन आपल्या भरवशावर युद्धाला उभा आहे, ही त्याची कारणं. वर त्याने कृष्णाला हे गुपित ठेवायला सांगितलं, कारण युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणारच नाही. एवढा मोठा माणूस! आणि याच बोलण्यात तो कबूल करतो, की पांडवांना आपण जे कठोर बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो आणि त्याचा आता पश्चात्ताप होतो आहे. राग नाही, सूड नाही. मित्राला खूष करायचं होतं, बस्स. त्या कबुलीत द्रौपदीचं नाव मात्र येत नाही.

ज्याला भर सभेत कूळ विचारून खाली बघायला लावलं होतं, त्यानेच भर सभेत एका बाईला खाली बघायला लावलं. अपमान काय असतो हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरीही.

पुढचं आपल्याला माहीत आहे. वनवासात असलेल्या पांडवांना हिणवायला कौरव गेले, तिथे गंधर्वांशी लढाई झाली. गंधर्वांनी कर्णाच्या रथाचे तुकडे केले आणि त्याला पळ काढावा लागला. तो कुणाच्या रथात चढला माहीत आहे? विकर्णाच्या! ज्या पोराला त्याने गप्प बसवलं होतं त्याच्याच रथाने त्याचा जीव वाचवला.

नंतर इंद्र ब्राह्मणाच्या वेशात आला आणि त्याने कवचकुंडलं मागितली. सूर्याने स्वप्नात येऊन आधीच सावध केलं होतं, तरी कर्णाने ती अंगावरून कापून दिली आणि बदल्यात एकदाच वापरता येईल अशी शक्ती मागून घेतली. कुंती गंगाकाठी भेटायला आली, तेव्हा अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही असं वचन दिलं आणि पाळलंही. युधिष्ठिर, भीम, नकुल, सहदेव चारही जण वेगवेगळ्या वेळी त्याच्या तावडीत सापडले होते.

भीष्मांनी अर्धरथी म्हटल्यामुळे पहिले दहा दिवस तो लढलाच नाही. तेराव्या दिवशी अभिमन्यूचं धनुष्य तोडणाऱ्यांत तो होता. चौदाव्या रात्री अर्जुनासाठी जपलेली शक्ती घटोत्कचावर खर्च झाली. सोळाव्या दिवशी तो सेनापती झाला आणि सतराव्या दिवशी रथाचं चाक जमिनीत रुतलं. धर्माची आठवण करून देत त्याने थांबायला सांगितलं, तेव्हा कृष्णाने त्याला द्रौपदीची सभा आठवून दिली. प्रचलित पाठात कर्ण यावर शरमेने मान खाली घालतो, उत्तर देत नाही. युद्ध संपल्यावर कुंतीने सांगितलं, की तो तुमचा थोरला भाऊ, त्यालाही पाणी द्या. तेव्हा पांडवांना कळलं आपण कुणाला मारलं ते.

साहित्याने मात्र कर्णाला कधी मरू दिलं नाही. भासाने संस्कृतात 'कर्णभार' लिहिलं. दहाव्या शतकात कन्नड कवी पंपाने अर्जुनाला नायक करून काव्य रचलं, तरी कर्णाबद्दलचा आदर त्यात लपला नाही. रवींद्रनाथांनी कर्ण-कुंती भेटीवर लिहिलं, दिनकरांची हिंदी 'रश्मिरथी' १९५२ साली आली, शिरवाडकरांनी 'कौंतेय' नाटक लिहिलं. प्रत्येक काळात ज्याला जन्मावरून नाकारलं गेलं, त्याला कर्णात आपला चेहरा दिसला. हे मोठंच काम आहे. इरावती कर्व्यांनी मात्र 'युगान्त'मध्ये त्याच्याकडे लाड न करता पाहिलं आणि त्याचे दोषही मांडले. 'मृत्युंजय' वाचून झाल्यावर 'युगान्त' जरूर वाचा. लायब्ररीत ती सहसा जागेवरच असते!

आता हे सगळं हॉस्टेलच्या अंकात कशाला? कारण आपल्याकडेही आखाडा आहे आणि सभाही. पहिल्या वर्षी नवीन पोराला पहिला प्रश्न येतो तो गाव आणि आडनावाचा, म्हणजे कृपाचार्यांचाच प्रश्न. मग इंट्रोच्या नावाखाली रात्री रूममध्ये बोलावणं येतं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, अ‍ॅडमिशनला आपण प्रतिज्ञापत्रही भरून देतो. तरी पुढच्या वर्षी त्या खोलीत बसून हसणाऱ्यांत मागच्या वर्षी रडलेला असतोच. तो वाईट नसतो. अडीअडचणीला मेसचे पैसे भरणारा, सबमिशनच्या रात्री आपली शीट पूर्ण करून देणारा असा कुणी दोस्त शेजारी बसलेला असतो आणि त्याच्यासमोर नाही म्हणायची हिंमत होत नाही. दुर्योधनसुद्धा मित्र म्हणून चांगलाच होता ना!

कर्णाचं धनुष्य, दान, सहनशक्ती यातलं आपल्याला काही जमेल असं वाटत नाही. विकर्णाने केलं ते जमण्यासारखं आहे. त्याने दुर्योधनाची बाजू सोडली नाही, युद्धात तो भावाकडूनच लढला आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मेला. फक्त त्या एका दिवशी तो आपल्याच माणसांसमोर उभा राहून हे बरोबर नाही एवढं बोलला. कर्णाने तेव्हा त्याला खाली बसवलं नसतं, उलट त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला असता, तर सभेला दोघांचं ऐकावं लागलं असतं. दुर्योधनाला आपल्या या मित्राचा शब्द मोडणं सोपं गेलं नसतं, आणि ते मैत्रीचं कर्ज त्या दिवशी खऱ्या अर्थाने फिटलं असतं.