सोमेश्वराचा मुदपाकखाना

कल्याण म्हटले की आपल्याला ठाण्यापलीकडचे, गाडी बदलायचे कल्याण आठवते. चालुक्यांचे कल्याण ते नव्हे. ते आजचे बसवकल्याण, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातले, आपल्या उमरग्यापासून फारसे लांब नसलेले. या गावातून बाराव्या शतकात दख्खनचा मोठा मुलूख चालवला जात होता, आणि इ. स. ११२६ मध्ये तिथल्या गादीवर तिसरा सोमेश्वर बसला. भूलोकमल्ल हे त्याचे बिरुद. दुसरे बिरुद सर्वज्ञ चक्रवर्ती. पहिल्यापेक्षा दुसरे त्याला अधिक शोभते, असे मला वाटते.

बाप भलताच मोठा होता. सहाव्या विक्रमादित्याने पन्नास वर्षे राज्य केले, स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. त्याच्या पदरी काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता आणि पुढे शतकानुशतके हिंदूंच्या वारसाहक्काचे निवाडे ज्या ग्रंथावर झाले, ती मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वरही होता. अशा बापाच्या मागून येणाऱ्या मुलाचे कौतुक कोण करणार? सोमेश्वराच्या काळात वेंगीचा मुलूख चोळांकडे गेला, दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन जुमानीनासा झाला. इतिहासाची पुस्तके त्याच्या साधारण बारा वर्षांच्या कारकिर्दीला अर्धे पान देतात आणि पुढे सरकतात. लढाया मोजायच्या असतील तर अर्धे पान पुरे आहे. मला मात्र हा राजा भेटला तो रणांगणावर नव्हे, स्वयंपाकघरात.

त्याने लिहिलेल्या संस्कृत ग्रंथाचे नाव मानसोल्लास. अभिलषितार्थचिंतामणी असेही त्याला म्हणतात. वीस अध्यायांची एक विंशती, अशा पाच विंशत्या, म्हणजे एकूण शंभर अध्याय. ग्रहगणितासाठी त्यात शके १०५१ चा आरंभ धरला आहे, म्हणजे ग्रंथाचा काळ इ. स. ११२९च्या आसपासचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ मध्ये आला, दुसरा १९३९ मध्ये. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, हे आधीच्या चाळीस अध्यायांत उरकून राजा जो मोकळा होतो तो उपभोगात आणि विनोदात शिरतो. हत्ती, रत्ने, चित्रे, कुस्ती, संगीत, सगळेच. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही आपल्या वाङ्मयेतिहासाला मोलाची वाटणारी नोंद याच राजाने केली. मुसळाचा आवाज ऐकणाऱ्या राजाला चुलीपाशी काय चालले आहे हे ठाऊक असणारच.

अन्नभोग हा अध्याय वाचताना मराठी माणसाला ओळखीची माणसे भेटल्यासारखे होते. मंडक म्हणजे आपले मांडे, आणि तेही पालथ्या खापरावर भाजलेले, जसे खानदेशात आजही भाजतात. पूरिका, वटक, पोळिका. इडरिका आहे, पण ती उडदाची. तिच्यात तांदूळ नाही, म्हणून तिला इडलीची सख्खी आजी म्हणण्यापेक्षा लांबची आत्या म्हणावे. इथपर्यंत सगळे सोवळ्यात चालले आहे. आपले प्राचीन अन्न सात्त्विक होते असे सांगणारी मंडळी साधारण इथेच पुस्तक मिटतात.

कारण पुढे डुक्कर येते. राजा सांगतो, त्यावर पांढरे कापड पसरून उकळते पाणी ओतत राहावे, म्हणजे केस हाताने उपटून येतात. नाही तर अंगाला चिखल लिंपून गवताच्या जाळावर जाळावेत. मग धुवून, भाजून, तुकडे करून पुन्हा शिजवायचे. त्याच मांसाच्या ताडपत्रासारख्या पातळ लांब पट्ट्या कापून मसाल्याच्या दह्यात टाकल्या की झाली चक्कलिका. काळीज सुपारीएवढे कापायचे, निखाऱ्यावर भाजायचे, मसाल्यात तळायचे आणि दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे. हे वाचून मी घरी करून पाहिले आहे. मोहरी जिभेवर आधी चढते आणि काळजाची कडवट चव तिच्यामागे लपते. राजाची जीभ पक्की होती यात शंका नाही. रक्त घालून शिजवलेले मांस आहे, आतडी भरून निखाऱ्यावर भाजलेली मंडलिया आहे, कडधान्ये आणि भाज्यांबरोबर शिजवलेली कवचंदी आहे. कासव आहे, खेकडा आहे. माशांचे तर वेगळे प्रकरणच आहे, पस्तीस जातींचे. पुढे १९५१ मध्ये सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

आणि उंदीर आहे. घरातला नव्हे, शेतात आणि नदीकाठी वाढलेला काळा, धष्टपुष्ट उंदीर. शेपटीला धरून त्याचे केस कसे काढावेत, पोट कसे साफ करावे, लोखंडी सळईवर टोचून लाल निखाऱ्यावर कातडी करपेपर्यंत कसा फिरवावा आणि वरून मीठ-जिरे कसे भुरभुरावे, हे राजा इडरिकेइतक्याच आस्थेने सांगतो. दुष्काळात नाइलाजाने खायचे हे अन्न नाही. ज्याच्यापुढे सोन्याच्या ताटात जेवण मांडले जाई त्याची ही आवड आहे.

इथे मला माझ्या शाळेतला एक कातकरी मुलगा आठवतो. आमची शाळा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होती. भाताची कापणी झाली की त्याच्या घरची माणसे बांधावरची बिळे धुरी देऊन उकरत, उंदीर पकडत आणि उंदरांनी साठवलेले भातही काढून आणत. वर्गात हे कळले तेव्हा त्याला उंदऱ्या हे नाव पडले. गुरुजीही हसले. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी जी रीत होती ती आठशे वर्षांपूर्वी एका चक्रवर्तीने संस्कृत श्लोकांत बांधून ठेवली होती, हे आम्हा हसणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हते, आणि गुरुजींना माहीत असते तरी त्यांनी ते सांगितले असते का, कोण जाणे. राजाने खाल्ले तर भोग आणि कातकऱ्याने खाल्ले तर विटाळ. पदार्थ तोच, सळई तीच, मीठही तेच.

सोमेश्वराने सगळ्यांना एका पंगतीला बसवले, असे मात्र मी म्हणणार नाही. तो राजा होता. त्याच्या स्वयंपाकघरात लाकडे फोडणाऱ्याच्या पानात काय पडे, याची नोंद त्याने केलेली नाही. पण जे खाल्ले ते लपवले नाही. बापाचे चरित्रही त्याने विक्रमांकाभ्युदय या नावाने लिहायला घेतले होते. ते अपुरेच मिळते. जेवणाचा अध्याय मात्र शेवटच्या ताकापर्यंत पुरा आहे.

तो ११३८च्या सुमारास गेला. त्यानंतर वीस वर्षे व्हायच्या आत त्याच्याच घराण्याचा मांडलिक, कलचुरी बिज्जळ, कल्याणचा धनी झाला. त्याच्या कारकिर्दीत त्याच गावात बसवेश्वर उभे राहिले, आणि गावाला पुढे नाव मिळाले ते त्यांचे. भूलोकमल्लाच्या चुली तिथे कुठे होत्या, हे आज दाखवता येत नाही.