संख्यांचे नामकरण करणारा शिक्षक : द. रा. कापरेकर

व्याकरणात आपण शब्दांच्या जाती ठरवतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी जन्मभर संख्यांच्या जाती शोधल्या आणि त्यांना नावे दिली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. लिपिक असलेल्या वडिलांना ज्योतिषाचा छंद होता. त्यांच्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत ते १९६२ पर्यंत शिक्षक होते.

त्यांचे कार्य समजण्यासाठी १४२८५७ ही एकच संख्या पाहा. एकाला सातने भागले असता हेच सहा अंक दशांशात पुन:पुन्हा येतात. त्यांची बेरीज २७ होते आणि २७ ने या संख्येला नि:शेष भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आता २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३ मिळवा, २४ येतात. म्हणजे २१ ही २४ ची जनक झाली. १४२८५७ ला असा जनकच नाही. ज्या संख्येला जनक नाही ती ‘स्वयंभू’. देवस्थानांमुळे आपल्या परिचयाचा असलेला हा शब्द येथे किती नेमका बसतो, हे लक्षात घ्या. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळवले, की मूळ संख्या परत येते. हा गुण असलेल्या संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या स्थिरांकाचा शोध मांडला. संशोधनाची पदवी नसलेल्या या शाळामास्तरांचे काम अनेक विद्वानांनी हसण्यावारी नेले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या घेत. संशोधन मात्र थांबले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि वयाच्या सत्तरीत त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘हर्षद’ हा शब्द इंग्रजी गणितग्रंथांत आजही तसाच वापरला जातो.

स्वयंअध्ययनासाठी
१. कोल्हापूरच्या रस्त्यावरील एखाद्या ‘एमएच ०९’ वाहनाचा चार अंकी क्रमांक घ्या. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत काय मिळते?
२. ‘हर्षद’ आणि ‘स्वयंभू’ या शब्दांची फोड करून त्यांचा रूढ अर्थ व गणिती अर्थ यांतील संबंध लिहा.