दिवाणखान्यात बनलेला कॉम्प्युटर: कोनराड झुसे यांनी पार्ट कसे निवडले?

बजेट पीसी असेंबल करायचा म्हटलं की मला पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा. हा घेऊ की तो? मी उलट विचारतो, पीसीवर करणार काय आहेस, आणि खिशात किती आहेत? याच दोन प्रश्नांपासून सुरुवात करून स्वतःचा कॉम्प्युटर बनवलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगतो. त्यांना बाजारात जाऊन प्रोसेसर किंवा रॅम मागायची सोय नव्हती. या वस्तू तेव्हा जगातच नव्हत्या.

कोनराड झुसे यांचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिनमध्ये झाला. (आडनावाचा जर्मन उच्चार ‘त्सूझं’च्या जवळ जातो, पण आपण झुसेच म्हणू.) वडील पोस्टात नोकरीला. मुलगा बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकला आणि १९३५ मध्ये पदवी घेऊन हेन्शेल या विमान कंपनीत लागला. काम काय, तर विमानाच्या भागांवर किती ताण येतो याची गणितं. तीच तीच आकडेमोड, कागदाचे तक्ते भरत बसायचं. एक चूक झाली की पुढचं सगळं चुकलं. हे काम मशीनने करायला हवं, असं त्यांना शिकत असतानाच वाटत होतं. वर्षभरातच त्यांनी चांगली नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरात मशीन बनवायला बसले. घरच्यांनी खोली दिली. आईवडील, बहीण आणि मित्रांनी जमेल तसे पैसे दिले.

पहिली निवड: शून्य आणि एक

त्या काळची हिशेबाची यंत्रं दहा दातांच्या चाकांवर चालायची. असं चाक दहा जागांपैकी नेमक्या जागी थांबावं लागतं, म्हणजे ते अगदी बारकाईने घडवायला हवं. बारकाई आली की पैसे आले. झुसे यांनी दशमान पद्धतच बाजूला ठेवली आणि बायनरी घेतली. आता प्रत्येक भागाला दोनच अवस्था: इकडे किंवा तिकडे. मग साधी पत्र्याची पट्टीसुद्धा चालते. पट्टी सरकली तर एक, नाही सरकली तर शून्य. मला विचाराल तर त्यांची सगळ्यात मोठी बचत हीच होती, आणि ती एकही पार्ट विकत घ्यायच्या आधी झाली होती.

अशा हजारो पट्ट्या त्यांनी आणि मित्रांनी हाताने करवतीने कापल्या. १९३८ मध्ये पहिलं मशीन उभं राहिलं. त्याला आज झेड-१ म्हणतात. त्यात विजेवर चालणारी वस्तू एकच, सगळं हलवणारी मोटर. आकडेमोड करणारा भाग वेगळा, मेमरी वेगळी आणि प्रोग्रॅम बाहेरून भोकं पाडलेल्या पट्टीवरून वाचला जायचा. पट्टीसाठी कोरा कागद नाही, सिनेमाची टाकाऊ फिल्म वापरली. मजबूत आणि जवळजवळ फुकट.

अडचण एकच होती. मशीन नीट चालायचं नाही. मेमरी ठीक होती, कारण तिथे पट्टीने जागा बदलून शांत बसायचं असतं. पण आकडेमोडीच्या भागात एक पट्टी दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला. हाताने कापलेल्या पट्ट्यांतला थोडा थोडा फरक साठत जायचा आणि कुठेतरी सगळं अडकायचं.

काय ठेवायचं, काय बदलायचं

आता इथे नीट लक्ष द्या, कारण जुन्या पीसीतून नवा पीसी करणाऱ्यांना हीच गोष्ट कामाची आहे. दोन वर्षं घातलेलं मशीन अडकतंय म्हटल्यावर माणूस एकतर सगळं भंगारात काढतो, नाहीतर त्यालाच चिकटून बसतो. झुसे यांनी मशीनचे दोन तुकडे मानले. जी मेमरी चालत होती, तीच झेड-२ मध्ये उचलून लावली. आकडेमोडीचा भाग काढला आणि त्या जागी टेलिफोन एक्स्चेंजमधले जुने रिले बसवले. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: कॉइलमध्ये करंट गेला की संपर्क जुळतो, करंट थांबला की सुटतो. पुन्हा दोनच अवस्था. यांत्रिक मेमरी आणि विजेचे रिले एकत्र चालू शकले, कारण दोघांची भाषा बायनरीच होती. आपल्याकडे डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, त्यामुळे जुना पार्ट ठेवायचा असेल तर मदरबोर्ड त्याच्या हिशेबाने निवडावा लागतो. तसंच हे.

रिलेला स्पर्धक होता. मित्र हेल्मुट श्रायर इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. त्यांनी व्हॅक्यूम ट्यूब वापरायचं सुचवलं. ट्यूब रिलेच्या कित्येक पट वेगवान, आणि श्रायर यांनी ट्यूबचं छोटं सर्किट करूनही दाखवलं. पण पूर्ण मशीनला सुमारे २ हजार ट्यूब लागणार होत्या. युद्धकाळात त्या मिळायच्या कुठून? सरकारकडे मागणी गेली, नकार आला. झुसे रिलेवरच राहिले. कल्पना श्रायर यांची पुढची होती, यात शंका नाही. तरी त्या खोलीत, त्या वर्षी, हातात येणारा पार्ट रिलेच होता.

झेड-२ पाहून जर्मन विमान संशोधन संस्थेने काही पैसे दिले आणि झेड-३ तयार झालं. १२ मे १९४१ रोजी त्याचं प्रात्यक्षिक झालं. प्रोग्रॅमवर चालणारा, प्रत्यक्षात काम करणारा जगातला पहिला कॉम्प्युटर म्हणून आज त्याचंच नाव घेतात. एकूण २ हजारांहून जास्त रिले. मेमरीत ६४ आकडे मावायचे, प्रत्येक २२ बिटचा. गुणाकार करून बघा: १४०८ बिट, म्हणजे १७६ बाइट. तुमच्या फोनमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साधारण ३ बाइट घेतं, म्हणजे झेड-३ ची अख्खी मेमरी ५८ चिन्हांत भरली. व्हॉट्सॲपवरचं एक मराठी वाक्यही नीट मावणार नाही. बेरजेला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ, गुणाकाराला ३ सेकंद. अपूर्णांकांची आकडेमोड मात्र ते आजच्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीनेच करायचं.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. रिलेचा संपर्क करंट चालू असताना सुटला की ठिणगी पडते आणि तो झिजतो. २ हजार संपर्क झिजायला लागले तर बिघाड शोधता शोधता आयुष्य जाईल. म्हणून झुसे यांनी करंट जोडण्या-तोडण्याचं काम एका फिरत्या ड्रमकडे दिलं. रिले आपली जागा बदलणार करंट नसताना, ठिणग्या पडणार ड्रमवर. झिजणार ते एकाच ठिकाणी, जिथे हात पोचतो आणि बदलणं सोपं. एसएमपीएसवर हजार रुपये वाचवून बाकी सगळे महाग पार्ट धोक्यात घालणारे मी बघतो, तेव्हा मला हा ड्रम आठवतो.

युद्ध

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा सगळा काळ हिटलरच्या जर्मनीतला. १९३९ मध्ये झुसे यांना सैन्यात बोलावलं गेलं, काही महिन्यांनी सोडलं आणि ते पुन्हा हेन्शेलमध्ये आले. तिथे त्यांनी रिलेवर चालणारी खास मशीन बनवली ती हेन्शेलच्या ग्लाइड बॉम्बच्या पंखांचे हिशेब करायला. झेड-३ लाही पैसा विमान संशोधनातूनच आला होता. हे वगळून त्यांच्या हुशारीचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

त्याच युद्धाने झेड-३ ही नेलं. डिसेंबर १९४३ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं. झेड-१ सुद्धा बॉम्बहल्ल्यांतच गेलं, नकाशांसकट. उरलं फक्त अर्धवट बांधलेलं झेड-४. १९४५ च्या सुरुवातीला झुसे ते घेऊन आधी गटिंगनला आणि तिथून बव्हेरियातल्या हिंटरस्टाइन या डोंगरातल्या गावी पोचले. तिथे मशीन लपवून ठेवलं.

झेड-४ चे पार्ट बघितले तर गंमत वाटेल. आकडेमोड रिलेवर, पण मेमरी पुन्हा पत्र्याच्या पट्ट्यांची! झेड-३ मध्ये एका बिटला एक रिले लागत होता. झेड-४ चा आकडा ३२ बिटचा. एवढे रिले म्हणजे खर्च आणि जागा दोन्ही. मग झेड-१ मध्ये जे चाललं होतं तेच परत. १९५० मध्ये झुरिचच्या ईटीएच या संस्थेने हे मशीन भाड्याने घेतलं आणि १९५५ पर्यंत त्यावर काम केलं. रात्री कोणी शेजारी न बसताही ते चालू ठेवत, इतका भरवसा होता.

पुढचं थोडक्यात. १९४९ मध्ये काढलेल्या झुसे यांच्या कंपनीने अडीचशेच्या आसपास कॉम्प्युटर विकले, पण कर्ज वाढत गेलं आणि कंपनी शेवटी सीमेन्सकडे गेली. १९४१ मध्ये केलेला पेटंटचा अर्ज तब्बल २६ वर्षांनी, १९६७ मध्ये कोर्टाने फेटाळला. झुसे चित्रं काढू लागले. आणि १९८६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, नकाशे जळून गेलेलं झेड-१ त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. तीन वर्षांत ते पूर्ण झालं, आज ते बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. १८ डिसेंबर १९९५ रोजी झुसे गेले. झेड-४ म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.